सातबाऱ्यावरचा पोटखराबा आणि व्हाळातला साप

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या वडिलोपार्जित जमिनींविषयी लेख आला होता. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, पण गावच्या सातबाऱ्यावर अजून नाव टिकवून असलेली मराठी घरं पुष्कळ आहेत. वारस नोंद कशी करावी, फेरफार कसा तपासावा, मुखत्यारपत्र देताना काय जपावं हे त्या लेखाने अशा घरांना नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल आभार. मात्र शेवटी लेखकाने एक सल्ला दिला आहे. कातळाची, उत्पन्न न देणारी जमीन असेल तर ती चिरेखाणीला, म्हणजे बांधकामाचे चिरे कापून काढणाऱ्या खाणीला, देऊन मोकळं व्हावं, असं ते म्हणतात. या सल्ल्याला माझी हरकत आहे आणि त्या हरकतीचं कारण एक साप आहे.

मी दांडिया बाजारात राहते. इथल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माहेर सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात. वाडीचं नाव देत नाही, का ते पुढे सांगते. घराच्या मागची चढण चढून गेलं की सडा लागतो, जांभ्या दगडाचं सपाट उघडं पठार. त्याच्या एका कडेला व्हाळ, म्हणजे ओढा, सुरू होतो आणि खाली आमच्या कुळागरातून, माडा-पोफळीच्या बागेतून, वाहत जातो. सामाईक सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, बाकीची मंडळी मुंबई, पुणे, बेळगाव अशी विखुरलेली. बागायत थोडी, डोंगरउताराची वरकस थोडी आणि उरलेला सगळा पोटखराबा, म्हणजे सातबाऱ्यावर लागवडीला अयोग्य म्हणून दाखवलेली जमीन. गिऱ्हाईक आलं आहे ते नेमकं त्या पोटखराब्याला. सामाईक जमिनीत प्रत्येकाची सही लागते, म्हणून एक एजंट संमतीपत्र घेऊन थेट बडोद्याला आमच्या घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, ताई, तिथे दगडाशिवाय काही नाही, विचार कसला करताय? मी सही केली नाही. अशी संमतीपत्रं या शहरातल्या आणखी काही घरांत येऊन पडली असणार, म्हणून माझं कारण सविस्तर मांडते.

त्या ‘दगडाशिवाय काही नाही’ असलेल्या जागेत जो साप वाढतो तो शास्त्राला वेगळी जात म्हणून माहीत झाला २०१७ साली. वरद गिरी, व्ही. दीपक, अशोक कॅप्टन, डेव्हिड गोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला ऱ्हॅब्डॉप्स ॲक्वाटिकस हे नाव दिलं. तोवर तो कुणाच्या नजरेला पडलाच नव्हता असं नाही. पण मिळालेला प्रत्येक नमुना त्याच्या दक्षिणेतल्या भावंडाच्या, म्हणजे ऱ्हॅब्डॉप्स ऑलिव्हेशसच्या खात्यावर जमा होत होता. त्या दक्षिणेतल्या सापाचं वर्णन रिचर्ड बेडम या इंग्रज अधिकाऱ्याने वायनाडच्या नमुन्यावरून १८६३ मध्ये केलं होतं. दीडशे वर्षं आपला साप दुसऱ्याच्या नावावर राहिला. कुणीतरी दोघांचे रंग, ठिपके आणि जनुकं शेजारी ठेवून पाहिली तेव्हा या दोन वेगळ्या जाती आहेत हे स्पष्ट झालं. पुढे २०१९ मध्ये याच गटात धरला जाणारा ईशान्य भारतातला तिसरा सापही बाहेर निघाला. त्याला स्मिथोफिस या नव्या गटात घातलं गेलं. त्यामुळे ऱ्हॅब्डॉप्स हा सगळा गट आता फक्त पश्चिम घाटाचा ठरला, आणि त्यातला ॲक्वाटिकस फक्त दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि त्याला लागून असलेल्या उत्तर कर्नाटकाच्या घाटभागाचा. जगात दुसरीकडे तो नाही. आमच्या सातबाऱ्यावर ज्याच्या नावाची नोंद नाही असा हा सगळ्यांत जुना कब्जेदार आहे, असं मी माझ्या भावांना लिहिलं आहे.

साप बिनविषारी. मध्यम चणीचा. मोठ्या सापाची पाठ ऑलिव्ह-तपकिरी, तिच्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी, पोट मळकट पांढरं. पिल्लं हिरवट असतात. आपल्याकडच्या पाण्यातल्या सापांत सगळ्यांच्या ओळखीची ती दिवड. तिच्या अंगावर चौकटी असतात, खवल्यांच्या मधोमध कणा असल्यामुळे अंग खरखरीत दिसतं आणि डोळ्याखालून दोन काळ्या रेघा तिरप्या उतरतात. ऱ्हॅब्डॉप्सचे खवले गुळगुळीत. दिवड दिवसासुद्धा तळ्याच्या, नदीच्या काठाला दिसते, शहराच्या गटारातही तग धरते. आपल्या विश्वामित्रीच्या काठच्या लोकांना ती नवी नाही. ऱ्हॅब्डॉप्सला मात्र असं कुठलंही पाणी चालत नाही. तो रात्री बाहेर पडतो, वाहत्या स्वच्छ पाण्यात किंवा सड्यावरच्या उथळ पाण्यात, आणि तेही पाण्याच्या आत राहून शिकार शोधतो. गांडुळं आणि पाण्यातले छोटे जीव हे त्याचं खाणं. रात्र, पाऊस आणि पाण्याचा तळ या तिन्हींच्या आड राहणारा प्राणी इतकी वर्षं नीट ओळखला गेला नाही यात मला नवल वाटत नाही.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे पत्र आहे. या सापाची पिल्लं मुख्यतः सड्यावर दिसतात, पावसाने पाणथळ झालेल्या भागात. मोठे साप सापडतात जंगलातल्या वाहत्या व्हाळांत. पिल्लं वर आणि मोठे खाली, असं हे एकच घर आहे. व्हाळ तसाच ठेवला आणि वरचा सडा खणून नेला तर व्हाळातल्या सापाला हात लावला नाही असं म्हणता येणार नाही. त्याची पुढची पिढी जिथे वाढते तीच जागा गेली.

ज्यांनी सडा फक्त मे महिन्यात, आंब्याच्या सुट्टीत पाहिला आहे त्यांना हे पटायला जड जाईल. मे महिन्यात तिथे अनवाणी पाऊल ठेववत नाही. काळपट तांबडा दगड, वाळलेलं गवत, कुठे एखादं करवंदीचं जाळं. पण मिरग लागला की चित्र पालटतं. जांभा सच्छिद्र दगड आहे, तो पहिलं पाणी पिऊन घेतो आणि मग खोलगट भागांत पाणी धरू लागतो. कुठे बोटभर, कुठे घोटाभर, कुठे गुडघाभर. त्या पाण्यात आठवड्याभरात गवत उभं राहतं. पुढे श्रावण-भाद्रपदात गेंदाची पांढरी फुलं येतात, सीतेच्या आसवांचा निळा पट्टा उठतो, कडेच्या ओल्या मातीत दवबिंदू चिकट पानं पसरून किडे धरतो. सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण त्यांच्या मुळाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि पाण्यातले बारीक जीव त्यांत ओढले जातात. वर्गात हे शिकवताना मुलं माझ्याकडे अविश्वासाने बघत. बेडकांची पिल्लं, पाणकिडे, गांडुळं, कुर्ल्या अशी सगळी वस्ती त्या चार महिन्यांत तिथे नांदते. मोठे मासे वर नसतात. पिल्लाला एवढं खाणं आणि एवढी सुरक्षित जागा खालच्या खळाळत्या व्हाळात मिळणार नाही, असं मला वाटतं.

एका गणपतीत मी माहेरी असताना भाच्याला घेऊन रात्री सड्यावर गेले होते. पाऊस नुकताच उघडला होता. बॅटरीच्या उजेडात घोटाभर पाण्यात एक हिरवट दोरीसारखं काही हललं. पाण्याच्या वर नव्हे, आत. ते पिल्लू गवताच्या बुडख्यांमध्ये डोकं खुपसत, मागे घेत, पुन्हा खुपसत पुढे सरकत होतं. आमच्या उजेडाकडे त्याने लक्षच दिलं नाही. मध्येच नाक वर काढायचं, श्वास घ्यायचा आणि परत खाली. भाच्याने वाकून फोटो काढला, आम्ही हात लावला नाही. नंतर तो फोटो सापांच्या एका जाणकार अभ्यासकाला दाखवला तेव्हा जात पक्की झाली. पुढे खालच्या व्हाळातल्या एका कोंडीत मोठा सापही पाहिला, तळाच्या दोन दगडांच्या फटीत अर्धा शिरलेला. लहानपणापासून मी त्या कोंडीत पोहले होते.

गावात या सापाला कोणी वेगळं ओळखत नाही, पाण्यातला प्रत्येक साप दिवडच. दिवडीला लोक फारसे भीत नाहीत, ही जमेची बाजू. पण पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला किंवा कुर्ल्यांना लोक रात्री व्हाळात उतरतात, तेव्हा पायाशी काही वळवळलं की बघण्याआधी कोयता पडतो. उन्हाळ्यात कोंडी आटत आल्या की कुणीतरी ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतं. त्यात मासा, कुर्ली, बेडूक काही वाचत नाही. हे थांबवायला गावातल्या शाळेत आणि देवळात बोलावं लागेल, आणि ते मी माहेरी गेले की करते. पण कोयत्याने एक साप मरतो, पावडरीने एका कोंडीची हानी होते. चिरेखाण सगळा सडा संपवते.

खाण कशी चालते ते बडोद्यात बसून सही करणाऱ्यांना माहीत असायला हवं. आधी जेसीबी येतो आणि वरची मातीची, गवताची सगळी साय खरवडून बाजूला टाकतो. फुलांचं बी, गांडुळं, सगळं त्यातच. मग कटर मशीन दगडात आडव्या-उभ्या रेषा मारत जातं आणि चिरे निघू लागतात. एक थर संपला की त्याखालचा. शेवटी उरतो उभ्या भिंतींचा चौकोनी खड्डा. कापताना उडालेली तांबडी भुकटी पहिल्या पावसात व्हाळात उतरते आणि दगडांमधल्या फटी गाळाने भरते. ज्या फटीत मी तो मोठा साप पाहिला, तशाच फटी.

एजंटाने यावर मला सांगितलं होतं की खाणीतही पाणी साठतंच, उलट जास्त साठतं, साप तिथे राहतील. हा मुद्दा मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे आणि वरवर तो बरोबर वाटतो. पण पाणी किती यापेक्षा ते कसं आहे याला महत्त्व आहे. सड्यावरचं पाणी उथळ असतं, गवतातून पसरलेलं, कडेला मातीत मिसळणारं, भरलं की ओघळून व्हाळाला मिळणारं. खाणीतलं पाणी खोल, उघडं, उभ्या भिंतींत कोंडलेलं. त्यात गवताचा बुडखा नाही आणि त्यातून व्हाळाकडे जायला वाटही नाही. शिवाय सड्याने धरलेलं पाणी दगडातून झिरपत उतरणीवरच्या झऱ्यांना मिळतं. आमच्या कुळागराची तहान त्याच पाण्यावर भागते. वरचा कातळ कापून नेल्यावर खालचा झरा पूर्वीसारखा वाहील, अशी हमी त्या संमतीपत्रात कुठेही लिहिलेली नव्हती. मी ते शेवटपर्यंत वाचलं.

मी चिऱ्याच्या विरोधात नाही. आमचं माहेरचं घर चिऱ्याचंच आहे आणि त्या भागात घर बांधायचं तर चिऱ्याइतका चांगला दगड नाही. माझं म्हणणं एवढंच की सड्याचा कुठला भाग द्यायचा आणि कुठला कधीच द्यायचा नाही हे जमीनमालकाने पावसात उभं राहून ठरवावं. व्हाळ जिथून निघतो ते तोंड, आणि वर्षातले चार महिने पाणी धरणारे खोलगट भाग, एवढं तरी वगळलं पाहिजे. उंचवट्याचा, लवकर कोरडा होणारा कातळ वेगळा दाखवता येतो.

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाने वृक्षतोडीवर बंदी आली, आणि तिचं मोल मोठं आहे. २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. पण सड्यावर तोडायला झाडच नसतं. जंगल वाचवायचे सगळे नियम झाडाकडे बघून केलेले, त्यामुळे ज्या पठारावर झाड नाही ते आपोआप ओसाड ठरतं. कासच्या पठाराला फुलांनी वाचवलं, २०१२ मध्ये ते जागतिक वारशात गेलं. कोकणातल्या सड्यांवर आपल्या पूर्वजांनी कोरलेली कातळशिल्पंही आता युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यांत सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे. ज्या दगडावर माणसाने हजारो वर्षांपूर्वी प्राण्यांची चित्रं काढली तो दगड महसुली कागदावर ‘खराबा’ आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

छोट्या प्राण्यासाठी छोटी जागा राखता येते याचं उदाहरण दूर नाही. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे, तिथल्या पाण्यात बोटाएवढा एक मासा आहे. २०२० मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, त्याला शिस्तुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तिथे देवळाचा आधार होता हे खरं. आमच्या सड्यावर देऊळ नाही, फक्त सातबाऱ्यावरची नावं आहेत. म्हणून मी त्या नावांना विनंती करते आहे.

बडोदेकरांना ही विनंती परकी वाटू नये. आपलं शहर विश्वामित्रीतल्या मगरींसोबत राहतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मगरी रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारात शिरल्या, आणि लोकांनी वन खात्याला, प्राणिमित्रांना फोन करून त्यांची सुटका करवली. माणसाला खाऊ शकेल अशा प्राण्याबद्दल ज्या शहराने इतका समंजसपणा दाखवला, त्या शहरातल्या माणसांना एका निरुपद्रवी सापासाठी थोडा कातळ राखायला सांगणं अवघड जाऊ नये. फरक एवढाच की मगर आपल्याला दिसते. हा साप ज्याच्या जमिनीत आहे त्यालाही दिसत नाही.

ज्यांच्याकडे संमतीपत्र आलं आहे त्यांनी काय करावं हेही लिहिते. गाव नकाशा काढून घ्यावा आणि व्हाळाचं तोंड आपल्या कोणत्या सर्व्हे नंबरात, कोणत्या हिश्शात येतं ते पाहावं. जुलै ते सप्टेंबरमध्ये एकदा स्वतः जाऊन यावं, सोबत गावातला जाणता माणूस आणि पायात गमबूट हवेत, कारण सड्यावर फुरसं हा विषारी सापही असतो. साप दिसला तर पकडू नये, दगड उलटून शोधू नये, लांबून फोटो काढावा. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या सड्यावर काय आहे याचं पत्र जमीनमालक म्हणून त्या समितीला द्यावं आणि पोच घ्यावी. पुढे खाणीच्या परवानगीचा अर्ज आला तर त्या जागेबद्दल कागदावर काहीतरी असेल. आज तिथे फक्त ‘पोटखराब’ असं लिहिलेलं आहे.

वाडीचं नाव का दिलं नाही ते सांगायचं राहिलं. दुर्मीळ प्राण्याचा ठावठिकाणा छापला की हौशी फोटोवाले आणि प्राणी विकणारे, दोघेही तिथे पोचतात आणि एकेक दगड उलटतात. सोबत पाठवलेल्या फोटोतून मी ठिकाणाची नोंद काढून टाकली आहे. फोटो छापलात तर तालुक्यापुढे जाऊ नये ही विनंती.

पुरवणीतल्या लेखाचा पुढचा भाग लवकरच येणार असल्याचं आपण छापलं आहे. त्यात कातळाच्या जमिनीबद्दलचा सल्ला बदलावा किंवा निदान त्याशेजारी या पत्रातला सर्व्हे नंबर, पावसाळी भेट आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीचा भाग द्यावा. माझ्या भावंडांपैकी बेळगावच्या भावाने व्हाळाचं तोंड वगळायला होकार कळवला आहे. पुण्याच्या चुलत बहिणीला यंदाच्या श्रावणात मी सड्यावर घेऊन जाणार आहे. मुंबईकडच्यांचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि एजंटाचा फोन दर आठवड्याला येतो.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे